आयर्न मीट: कॉन्ट्रा खेळलेल्यांनी चुकवू नये असा गेम

आधीच सांगून टाकतो, लहानपणी टीव्हीच्या मागे पिवळी-पांढरी वायर खोचून तुम्ही कॉन्ट्रा, म्हणजे उजवीकडे पळत गोळ्या मारायचा तो जुना गेम, खेळला असाल आणि आज घरात साधासा लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर असतील तर त्याच जातीचा नवा गेम 'आयर्न मीट' घ्याच. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथूनच जाऊन गेम डाउनलोडला लावला तरी चालेल, बाकीच्यांनी वाचा, कारण मला या गेमबद्दल बरंच बोलायचंय.

तर हा गेम २६ सप्टेंबर २०२४ ला आला. पीसी, स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, सगळीकडे आहे. रेट्रोवेअर नावाच्या कंपनीने तो पब्लिश केलाय पण बनवलाय मुख्यतः एका माणसाने, इव्हान सुवोरोव्ह, रशियन डेव्हलपर आहे. गेम यायच्या कितीतरी आधीपासून स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, त्याचा डेमो होता आणि ज्यांनी तो खेळला होता ते सगळे पूर्ण गेम कधी येतोय म्हणून वाट बघत बसलेले. मी पण त्यातलाच. एकटा माणूस वर्षानुवर्षं एका गेमवर बसतो, एकेका राक्षसाचे एकेक फ्रेम काढतो, आणि मग तो गेम हातात घेतल्यावर कुठेच असं वाटत नाही की अरे इथे याने उरकलंय, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

स्टोरी दोन ओळींची आहे. युरी मार्कोव्ह नावाचा शास्त्रज्ञ चंद्रावर बसून नको ते प्रयोग करतो, त्यातून दुसऱ्याच कुठल्यातरी मितीतलं एक मांस बाहेर येतं, 'द मीट' म्हणतात त्याला, आणि ते समोर येईल ते गिळत सुटतं, माणूस म्हणू नका, लोखंड म्हणू नका, मशीन म्हणू नका. आपण वादिम. हातात गन. उजवीकडे पळायचं. बस, एवढंच, आणि मला तेवढंच हवं होतं, वीस मिनिटं कोणीतरी बोलतंय आणि मी बटण दाबून डायलॉग पुढे ढकलतोय असले गेम मी खूप खेळलो, आता नको.

पण या मांसाच्या कल्पनेतून त्याने जे काढलंय ना ते बघण्यासारखं आहे. जुन्या गेममध्ये शत्रू दोन प्रकारचे असायचे, एक तर सैनिक-रोबो-रणगाडे नाहीतर एलियन. इथे दोन्ही एकातच. रणगाडा आहे पण त्याच्या पत्र्याखालून लालभडक मांस बाहेर आलंय, लोखंडाला दात फुटलेत, जे यंत्र मघाशी नुसतं यंत्र वाटत होतं ते आता आपल्याकडे बघतंय. ट्रेनवरची लेव्हल तर कमाल आहे, मागे मैदान पळतंय, पायाखाली डबा आहे, आणि आपलं निम्मं लक्ष पुढच्या शत्रूकडे आणि निम्मं या डब्याचंच काही होत नाहीये ना याकडे. बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचे मुख्य शत्रू, बहुतेक मोठाले, स्क्रीन भरून टाकणारे. रक्तमांस भरपूर आहे, पिक्सेलमध्ये असलं तरी आहे, त्यामुळे घरात अगदी लहान मूल असेल तर आधी स्वतः दहा मिनिटं खेळून बघा आणि मग ठरवा. माझा भाचा सातवीत आहे, त्याला चालतं, त्याच्या धाकट्या बहिणीने पहिल्याच लेव्हलला तोंड वाकडं केलं आणि उठून गेली.

आता मुद्द्यावर येतो. रेट्रो म्हणून हल्ली इतके गेम येतात की मोजता येणार नाहीत, आणि त्यातले निम्मे नुसते दिसायला जुने असतात. मोठे मोठे पिक्सेल, बीप बीप म्युझिक, वरून टीव्हीच्या आडव्या रेषा टाकल्या की झालं रेट्रो. खेळायला घेतले की आत तेच, कॉइन गोळा करा, गन अपग्रेड करा, तीच लेव्हल परत खेळा म्हणजे पॉवर वाढेल, पॉवर वाढली की पुढची लेव्हल जमेल. म्हणजे पुढची लेव्हल जमते ती आकडा वाढला म्हणून, माझा हात सुधारला म्हणून नाही. कॉन्ट्राच्या घराण्यातल्या गेमचं बरोबर उलटं आहे. पहिल्या दिवशी जो वादिम तोच शेवटच्या दिवशी, तेवढाच जोरात पळतो, तेवढीच उंच उडी मारतो, एकच फटका खाल्ला की मरतो. बदलतो तो फक्त आपला हात. आयर्न मीटने हे एकदम बरोबर पकडलंय आणि मला तो आवडायचं खरं कारण हेच आहे.

कंट्रोल सांगतो म्हणजे कळेल. पळणं, उडी, आठ दिशांना गोळी. एक बटण असं आहे की ते दाबून धरलं की वादिम जागेवर थांबतो आणि मग दांडी फिरवाल तिकडे फक्त नेम फिरतो. साधी गोष्ट वाटते, पण जुन्या कॉन्ट्रामध्ये ही सोय नव्हती, तिरकी गोळी मारायची तर त्या बाजूला पळावंच लागायचं, रिमोटवर कामाची बटणंच दोन, ए आणि बी. आता जागेवर उभं राहून वर उजवीकडच्या तोफेला मारता येतं. मग गन. आकाशातून कॅप्सूल उडत जातात, फोडल्या की अक्षर पडतं, अक्षर उचललं की गन, हे जसंच्या तसं. फरक असा की एका वेळी दोन गन जवळ ठेवता येतात आणि मेलात तर जी हातात असेल ती जाते, दुसरी राहते.

या एका नियमाने खेळायची पद्धतच बदलते. समजा तुमच्याकडे एक झकास पसरणारी गन आहे आणि एक अशीच तशी आहे. समोर गर्दी झाली, दोन्हीकडून गोळ्या येतायत, सुटत नाही हे कळलं. त्या अर्ध्या सेकंदात बटण दाबून साधी गन हातात घ्यायची आणि मग मरायचं. लाईफ गेली पण चांगली गन वाचली. सुरुवातीला हे जमत नाही कारण माणूस मरताना जिवाच्या आकांताने उडीचं बटण दाबतो, गन बदलायचं नाही. पण एकदा जमायला लागलं की मरण्याच्या आधीचा तो क्षण हळू होतो, डोकं शांत राहतं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा मग आपण मरतही नाही, कारण शांत डोक्याने बघितलं तर बाजूला जायला जागा होतीच. हे मला कोणी ट्युटोरियलमध्ये सांगितलं नाही, गेमच्या नियमातून आपोआप शिकायला मिळालं. असं काही सापडलं की मला डिझाइन करणाऱ्या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो.

बॉसचंही तेच. पहिल्यांदा समोर आला की वाटतं हे अशक्य आहे. मग लक्षात येतं की हात वर उचलतो तेव्हा डावीकडे जायचं, छाती उघडतो तेव्हा खाली झोपायचं, मग चार गोळ्या मारायला वेळ मिळतो, मग परत पळायचं. प्रत्येक हल्ल्याआधी तो काहीतरी करून दाखवतो. ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मारणारी गोष्ट मारण्याआधी दिसली पाहिजे. दिसली आणि तरी मेलो तर चूक माझी, न दिसता मेलो तर चूक गेमची. आयर्न मीटमध्ये न दिसता मेलो असं फार कमी वेळा झालं, एकदोन ठिकाणी बॅकग्राउंड पण लाल आणि येणारी वस्तू पण लाल असा घोळ आहे, तेवढं सोडलं तर नाही.

हे सगळं १९८७ पासून चालत आलंय. कोनामी या जपानी कंपनीचा कॉन्ट्रा आधी आर्केड मशीनवर (दुकानात नाणं टाकून खेळायचं मोठं मशीन) १९८७ मध्ये आला आणि घरच्या मशीनवर १९८८ मध्ये. आपल्याकडे जी व्हिडिओ गेमची डबडी मिळायची ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरच्या मशीनच्या नकला होत्या, नाव काहीही असायचं, आतलं मशीन तेच. आमच्याकडे साताऱ्यात स्टँडजवळ एक दुकान होतं तिथे तासावर पैसे देऊन खेळता यायचं, नंतर मामाने दिवाळीला घरी आणून दिला. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९९ इन वन आणि आत खरे गेम वीस-पंचवीस, बाकी तेच परत परत. पण कॉन्ट्रा असायचाच. निळ्या पँटचा आणि लाल पँटचा. बिल आणि लान्स ही त्यांची नावं आहेत हे मला कॉलेजला गेल्यावर इंटरनेटवर कळलं, आमच्यासाठी तो 'निळा' आणि 'लाल' होता आणि लाल नेहमी लहान भावाला मिळायचा.

आणि बघा, एवढा सगळा गेम, आठ लेव्हल, सगळं म्युझिक, सगळी चित्रं, १२८ किलोबाइटमध्ये होता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा बरेचदा एक गुड मॉर्निंगचा फोटो त्यापेक्षा मोठा असतो. मशीनची स्वतःची मेमरी होती २ किलोबाइट. स्क्रीनवर एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं ते मशीन काढूच शकत नसे, म्हणून गोळ्या जास्त झाल्या की त्या लुकलुकायच्या, आठवतंय? एस अक्षराची, एकदम पाच गोळ्या पसरवणारी गन मिळाली आणि दोघं एकाच ओळीत उभे राहून मारत सुटले की निम्म्या गोळ्या गायब व्हायच्या. आम्हाला वाटायचं टीव्ही खराब आहे, वडील टीव्हीवर हात मारायचे. ती त्या मशीनची मर्यादा होती.

जपानमधल्या कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची एक वेगळी चिप घातली होती, त्यामुळे तिकडच्या कॉन्ट्रामध्ये पहिल्या लेव्हलची झाडं हलतात, बर्फाच्या लेव्हलला बर्फ पडताना दिसतो, मध्ये मध्ये चित्रांमधून स्टोरी सांगतात. अमेरिकेच्या कॅसेटमध्ये हे काही नाही. आणि युरोपात तर कॉन्ट्रा या नावाने तो आलाच नाही, तिथे १९९० मध्ये 'प्रोबोटेक्टर' म्हणून आला आणि माणसांच्या जागी रोबो टाकले होते कारण जर्मनीत मुलांच्या गेममध्ये माणसं मारण्याबद्दल नियम कडक होते. माझा एक मित्र म्युनिकला असतो, त्याने ऑफिसातल्या त्याच्याच वयाच्या जर्मन माणसाला कॉन्ट्राबद्दल विचारलं तर त्याला काही कळेना, मग यूट्यूबवर दाखवल्यावर तो ओरडलाच, अरे हा तर प्रोबोटेक्टर. दोघांचं बालपण एकच, फक्त एकाचे सैनिक आणि एकाचे रोबो.

वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे पण सांगायलाच हवं. तीस लाईफ. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कोनामीच्या प्रोग्रॅमरने तो कोड आधी ग्रॅडियस गेमसाठी घातला होता, १९८६ मध्ये, कारण तो गेम इतका अवघड होता की टेस्ट करायला त्याला स्वतःलाच पुढे जाता येत नव्हतं. कोड काढायचा राहून गेला आणि मग कॉन्ट्रामुळे जगभर पोचला. २०२० मध्ये हाशिमोतो गेले तेव्हा माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी स्टेटसला तो कोड ठेवला होता, ज्यांनी वर्षानुवर्षं गेम हातात घेतला नव्हता अशांनी सुद्धा.

कॉन्ट्राची पहिली लेव्हल आठवा. पळताना पायाखाली पूल फुटत जातो, तुकड्या तुकड्याने, आणि थांबलात तर पडलात. शेवटी भिंत, तिच्यावर दोन तोफा, वर एक माणूस लपून बसलेला, खाली लाल चमकणारी जागा, ती फोडायची. याच्यात शिकवण्याचा एक शब्द नाही पण पूल शिकवतो की थांबू नको, भिंत शिकवते की आता थांब आणि नेम धर. दोन मिनिटांत दोन्ही शिकून झालं. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत जे लोक असे गेम बनवत आले ते हेच परत परत करतायत आणि ज्यांना जमलं त्यांचे गेम टिकले.

आणि तिसरी लेव्हल, धबधबा. तिथे उजवीकडे नाही, वर चढायचं असतं. दोघं खेळत असाल तर एक जण भराभर वर चढला की स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकते आणि खाली राहिलेला स्क्रीनच्या बाहेर गेला म्हणजे मेला. गोळी नाही, शत्रू नाही, जोडीदारानेच मारला. आमच्या गल्लीतली जेवढी भांडणं त्या लेव्हलवर झालीत तेवढी क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूवरून झाली नसतील. आणि याच लेव्हलवर आम्ही बोलायला शिकलो, म्हणजे खेळता खेळता बोलायला, "थांब, मला येऊ दे", "आता उडी", "तू तोफ घे मी माणूस घेतो".

हे मी का सांगतोय, तर आयर्न मीटमध्ये दोघांनी एकत्र खेळता येतं, एकाच स्क्रीनसमोर बसून. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला होता, त्याला मी बसवलं. त्याचं फोनवर शंभर जणांबरोबर खेळणं रोजचं, हेडफोन लावून, अनोळखी लोकांवर ओरडत. सोफ्यावर शेजारी बसून खेळायची सवयच नाही. पहिला तासभर तो त्याचा त्याचा खेळत होता आणि मी माझा, दोघंही पटापट मरत होतो. मग एका बॉसला आम्ही अडकलोच. मी म्हटलं, "अरे तू खालून मार, मी वर उडी मारून त्याचं लक्ष इकडे घेतो." तो म्हणाला, "मामा, त्याचं लक्ष वगैरे नसतं, तो ठरलेलं करतो, बघ ना, तीनदा इकडे मग एकदा तिकडे." आणि बरोबर होतं पोरगं! त्याने मोजलं होतं. मग तो मोजायचा आणि मी त्याच्या मोजण्यावर उडी मारायचो. "एक, दोन, तीन, मामा तिकडे जा तिकडे जा!" बॉस पडला तेव्हा दोघं असे ओरडलो की स्वयंपाकघरातून ताई धावत आली.

नंतर त्याने स्वतःहून विचारलं की तुम्ही लहानपणी जो खेळायचात तो दाखव. दाखवला. त्याला ग्राफिक्सचं काहीच वाटलं नाही, मला वाटलं होतं हसेल, पण तो म्हणाला, "हा पण तसाच आहे, फक्त बटणं कमी आहेत." मला याहून चांगला रिव्ह्यू कोणाचा वाचायला मिळालेला नाही.

आता या घराण्यातले बाकीचे, ज्यांना आयर्न मीट संपल्यावर पुढे काय असं वाटेल त्यांच्यासाठी. ब्लेझिंग क्रोम २०१९ चा, ब्राझीलच्या जॉयमॅशरचा. तो माझ्या मते अजूनही या सगळ्यात सगळ्यात घट्ट बांधलेला गेम आहे, पहिल्या चार मिशन कुठल्याही क्रमाने खेळता येतात, मध्ये मोटरसायकल आहे, मेकच्या, म्हणजे आत बसून चालवायच्या मोठ्या रोबोच्या, आत बसता येतं, जवळ आलेल्या शत्रूला गोळीऐवजी थेट हाताने मारता येतं, पण अवघड आहे, नवख्याला आयर्न मीटच्या आधी तो देऊ नका. हंटडाउन स्वीडनच्या ईझी ट्रिगरचा, २०२० चा, ऐंशीच्या दशकातल्या ॲक्शन पिक्चरसारखा मूड, आडोशाला लपून गोळ्या मारायच्या, आणि लगेच मरत नाही त्यामुळे थोडा सोपा जातो. ब्रोफोर्स दक्षिण आफ्रिकेच्या फ्री लाइव्ह्सचा, तिथे जमीनच फुटते, भिंती पडतात, चौघं मिळून खेळा आणि काय चाललंय ते कळणार नाही पण मजा येईल. कपहेड सगळ्यांना माहितीच आहे, २०१७ चा, कॅनडातल्या मोल्डनहॉवर भावांचा, पिक्सेल नाहीत, १९३० च्या दशकातल्या कार्टूनसारखं सगळं हाताने काढलेलं, पण आत हाड कॉन्ट्राचंच, एकामागून एक बॉस आणि प्रत्येकाची चाल पाठ करायची.

ब्राझील, स्वीडन, दक्षिण आफ्रिका, कॅनडा, रशिया. जपानने सुरू केलेली गोष्ट आता कुठे कुठे चाललीये बघा. यातल्या कितीतरी देशांत त्या काळी ओरिजिनल मशीन सहज मिळत नसायचं, रशियात तर डेंडी नावाची फॅमिकॉमची नक्कलच घराघरात होती, आपल्या डबड्यांसारखीच. म्हणून मला कायम वाटतं की सुवोरोव्हच्या देशातली मुलं आणि साताऱ्याच्या स्टँडजवळची आमची पोरं एकाच वेळी एकच पूल फुटताना बघत होती. भारतातही आता गेम बनतायत, पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' आणला, वेगळ्या जातीचा गेम आहे पण इथे बसून असलं काम होतं हे त्याने दाखवलं. माझी मनापासून इच्छा आहे की आपल्याकडच्या कोणीतरी एकदा बाजूने पळत गोळ्या मारायचा गेम करावा, घाट आहेत, किल्ले आहेत, कोकण रेल्वेचे बोगदे आहेत, लेव्हलला काय कमी आहे.

खुद्द कोनामीचाही याच २०२४ मध्ये मार्चला कॉन्ट्रा आला, ऑपरेशन गलुगा, वेफॉरवर्डने केलेला. वाईट नाही, जुन्या लेव्हलचीच नव्याने मांडणी आहे, पण थ्रीडी मॉडेल आहेत आणि गोळी लागल्याचं जे वजन असतं ते मला तिथे कमी वाटलं. नावाचा खरा वारस तो आणि हाताला वारस वाटतो तो आयर्न मीट, असं माझं मत आहे, ज्यांना गलुगा आवडला त्यांनी खुशाल भांडावं.

तक्रारी पण सांगतो. गेम छोटा आहे, नऊ लेव्हल, हात बसल्यावर एका बैठकीत संपतो. मला यात वाईट काही वाटत नाही कारण असे गेम पुन्हा खेळण्यासाठीच असतात, पण ज्यांना पैशाला तास मोजायची सवय आहे त्यांना खटकेल. परत खेळायला स्किन, म्हणजे वादिमची वेगवेगळी रूपं, आहेत, तीसहून जास्त, एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं अंग असं जोडता येतं, भाचा त्यातच रमला होता. दुसरी तक्रार म्हणजे काही गन इतक्या भारी आहेत आणि काही इतक्या साध्या की एकदा चांगली जोडी मिळाली की बाकीच्या कॅप्सूल चुकवत पळावं लागतं, चुकून नको ते अक्षर उचललं की गेली हातातली. आणि लांबच्या मित्राबरोबर खेळायचं तर स्टीमच्या रिमोट प्ले टुगेदरने जमतं, म्युनिकवाल्या मित्राबरोबर आम्ही केलं, पण इतक्या लांबून बटण दाबलं आणि उडी मारली यात फरक पडतोच, बॉसला तो जाणवतो.

यावरून शेवटची आणि सगळ्यात कामाची गोष्ट. टीव्हीला जोडून खेळणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. जुन्या डबा टीव्हीवर बटण दाबलं की लगेच दिसायचं, आताचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला मध्ये वेळ घेतात. गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही सहा चित्रं मागे आहात, आणि सहा चित्रांत वादिम मेलेला असतो. खूप लोक म्हणतात आता वय झालं, हात पूर्वीसारखा चालत नाही. अहो, आधी गेम मोड लावून बघा! शक्य असेल तर कंट्रोलर वायरचा घ्या. कीबोर्डवर खेळू नका, खेळता येतो पण मनगट दुखतं आणि तिरका नेम नीट बसत नाही. लॅपटॉप फार भारी लागत नाही, माझा बराच जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी आरामात चालतो.

पहिल्यांदा इझीवर खेळा, त्यात काही कमीपणा नाही. नॉर्मलवर एकदा संपवला की हार्ड लावा, आणि ट्रेनची लेव्हल कोणाला एकही लाईफ न घालवता जमली तर खाली कमेंटमध्ये लिहा की तिथे कुठली गन घेऊन गेला होतात, आम्ही दोघं अजून तिथेच अडकलोय.